पळी तळातून की वरून : देवगड तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण सुरू झालं ते गोळ्यांवरून. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात उपकेंद्रावरच्या आरोग्य सेविकेने माझ्याकडे एक नाव दिलं. वय २६, दुसरं गरोदरपण, पाचवा महिना, हिमोग्लोबिन ८.४. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या वर असायला हवं. ७ ते ९.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय, आणि अशा बाईला लोह-फॉलिक अॅसिडची लाल गोळी दिवसाला एक नाही, दोन घ्यायला सांगतात. नावापुढे शेरा होता, ‘गोळ्या घेत नाही. समुपदेशन करावे.’

मी या भागात आहार-सल्ल्याचं काम करते. असा शेरा असलेली नावं दर महिन्याला येतात आणि दोन भेटींत बहुतेक मार्गी लागतात. या घरात मात्र मी सहा महिने जात राहिले. घरातल्या सगळ्यांच्या संमतीने हे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

घर खाडीच्या तोंडाशी आहे. माणसं सात. आजेसासू ऐंशीच्या घरात. सासरे पूर्वी बोटीवर होते, आता हंगामात रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जातात. सासूबाई ५४ वर्षांच्या, आठवड्यातून तीन दिवस टोपली घेऊन बाजारात बसतात. मी त्यांना काकी म्हणते. नवरा ट्रॉलरवर खलाशी, धाकटा दीर वीस वर्षांचा, सून, आणि तिची सहा वर्षांची मुलगी. थोडी भातशेती स्वतःची, थोडी खंडाने. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यामुळे मी पहिल्यांदा गेले तेव्हा नवरा घरीच होता, पैसा आटलेला होता आणि लावणी तोंडावर आली होती. लावणीत घरातली सून दिवसभर वाकलेली असते, गरोदर असली तरी.

गोळ्यांचं कोडं पहिल्याच भेटीत सुटलं. ती गोळी सकाळी चहाबरोबर घ्यायची, मग मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं, ते बघून ती घाबरली आणि थांबली. काळं होणं हे लोहाचंच लक्षण आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. चहाने लोह अंगी लागत नाही आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही घ्यायचं नाही. म्हणून वेळा बदलल्या. लाल गोळी जेवण झाल्यावर तासाभराने, पाण्याबरोबर. कॅल्शियम त्यानंतर दोन तासांनी. ती चिखलात अनवाणी उतरते म्हणून जंताची गोळी झाली आहे का ते पाहिलं. झाली नव्हती, ती सेविकेने दिली.

मग मी आहाराची नोंद घेतली. काल दिवसभरात काय काय खाल्लंस, हा आमचा नेहमीचा प्रश्न. तिने सांगितलं, सकाळी पेज आणि भाजलेला सुका बांगडा, दुपारी भात, निस्त्याची म्हणजे मासळीची कढी, टाकळ्याची भाजी, रात्री भात आणि कुळथाची पिठी. मी लिहून घेतलं. कागदावर हा आहार वाईट नव्हता. कुळथात शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात, टाकळा पावसाळ्यातली ताजी पालेभाजी, आणि मासे खाणाऱ्या घरात डाळभातावर भागवणाऱ्या घरापेक्षा लोहाची बाजू बरी असायला हवी. मासळीतलं लोह शरीर सहज घेतं, शिवाय मासळी सोबत असली की भाजी-धान्यातलं लोहही जास्त शोषलं जातं. मी ‘आहार समाधानकारक’ असं लिहून निघाले.

ती नोंद चुकीची होती. चूक तिची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती. घरात काय शिजलं ते मी विचारलं होतं. तिच्या ताटात काय पडलं ते विचारलंच नव्हतं.

हे लक्षात आलं दुसऱ्या भेटीत, तेही योगायोगाने. पाऊस असा धरला की मला निघता येईना आणि पेजेची वेळ झाली. काकींनी मलाही बसवलं. उकड्या तांदळाची पेज, मोठ्या टोपात. पुरुष पडवीत बसले. काकी वाढत होत्या आणि मी टोपाच्या अगदी बाजूला होते. तेव्हा मला ती पळी दिसली. सासऱ्यांना वाढताना पळी टोपाच्या तळाला जायची, शितं घेऊन वर यायची, कडेला टेकवून पाणी निथळू द्यायची आणि मग वाटीत रिकामी व्हायची. नवऱ्याला, दिराला तसंच. आजींना थोडं मऊ, मध्यातलं. सून शेवटी स्वतःची वाटी घेऊन आली. तोवर तळात काही उरलं नव्हतं. तिच्या वाटीत तीन पळ्या पेज पडली, सासऱ्यांच्याही वाटीत तीनच. पण तिची पेज म्हणजे पांढरट पाणी आणि मूठभर शितं. माझ्या तक्त्यात दोघांच्याही नावापुढे ‘पेज, एक मोठी वाटी’ असंच आलं असतं.

आणि यात कोणी कोणाचं तोडत नव्हतं, हे मला ठासून सांगायचं आहे. काकींचा हात तसा वळलेला आहे. त्यांच्या सासूने असंच वाढलं, त्यांनी तेच उचललं. स्वतःसाठीही त्यांनी वरचंच पाणी घेतलं.

त्यानंतर मी मुद्दाम जेवणाच्या वेळेला जाऊ लागले आणि माशाच्या तुकड्या मोजू लागले. एका दुपारी दिराने खाडीतून दोन मध्यम बोय आणले होते. डोकी वेगळी करून आठ तुकड्या झाल्या. सासऱ्यांना दोन, नवऱ्याला दोन, दिराला दोन, आजींना एक काटे काढून, मुलीला एक. उरली दोन डोकी. एक काकींनी घेतलं, एक सुनेला दिलं. मी विचारलं तेव्हा काकी म्हणाल्या, “माका डोकीच आवडता.” सून म्हणाली, तिलाही डोकंच आवडतं. मग मुलीने स्वतःची तुकडी संपवून आईच्या ताटात बघितलं आणि विचारलं, “आये, तुझी तुकडी खंय?” कोणी उत्तर दिलं नाही. आईने डोक्यातला गालाचा मऊ भाग काढून मुलीच्या ताटात ठेवला.

भात तिने पोटभर खाल्ला. हे समजून घेतलं नाही तर पुढचं सगळं चुकतं. या घरात बाई उपाशी राहत नाही. भात सगळ्यांना मिळतो, कढीचा रस्सा सगळ्यांना मिळतो. जे कमी आणि महाग असतं तेच पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात संपतं. मासा, अंडं, भाजीतली शेवटची शेंग, कोंबडी असेल तर कोंबडी. पोट भरतं, रक्त भरत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेलं प्रमाण बघा. मध्यम कष्टाच्या पुरुषाला दिवसाला २७१० कॅलरी लागतात, बाईला २१३०. म्हणजे भात पुरुषाला जास्त लागतो, हे खरं. पण लोह पुरुषाला १९ मिलिग्रॅम आणि बाईला २९. ज्या गोष्टीची गरज बाईला जास्त, त्याच गोष्टीत तिचा वाटा सगळ्यात कमी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी निघाल्या. त्याच वयाच्या पुरुषांत २१.९ टक्के. त्याआधीच्या फेरीत बायकांचा आकडा ४८ होता. मासिक पाळी आणि बाळंतपणं हे त्या फरकाचं मोठं कारण आहेच. पण ती झीज भरून काढायचं अन्न ताटात न पडणं हेही कारण आहे, आणि ते बदलता येण्यासारखं आहे.

मी सुनेला एकटीला गाठून विचारलं, तुला अजून एखादी तुकडी हवी असते का? “माका तितकी भूकच नसता,” ती म्हणाली. हे वाक्य मी या किनाऱ्यावर किती घरांत ऐकलं आहे याला गणती नाही. पूर्वी मी ते खरं मानायचे. आता मानत नाही, आणि त्याला कारण एक जुनी पाहणी आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कोलकात्याजवळ सिंगूर इथे विधवा आणि विधुर लोकांना त्यांच्या प्रकृतीबद्दल विचारलं होतं. विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले की आपण आजारी आहोत किंवा प्रकृती यथातथाच आहे. विधवांपैकी असं म्हणाल्या फक्त २.५ टक्के. विधवांची प्रकृती विधुरांपेक्षा चांगली होती असं कोण म्हणेल? अमर्त्य सेन यांनी हे आकडे पुढे आणले ते हेच दाखवायला, की ज्याला सतत कमी मिळतं तो आपली गरजच कमी मोजायला लागतो. मग त्याला विचारून गरज कळत नाही. ‘भूक नाही’ हे उत्तर खोटं नसतं, पण ते पुरावाही नसतं.

सरकारी शिधा या घरात येतो. अंगणवाडीतून गरोदर बाईला घरी न्यायला जो आहार मिळतो त्यात दिवसाला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ठरला होता. पाकीट घरी आलं की ते घराचं होतं. इथे त्याचा शिरा व्हायचा, आणि मुलगी आणि दीर खायचे. आदिवासी भागांत २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर बाईला अंगणवाडीत बसवून गरम जेवण देतात. जेवण तिथेच होत असल्यामुळे ते तिच्याच पोटात जातं. आमचा तालुका त्या योजनेत बसत नाही. आणखी एक गोष्ट मला सतत खटकत राहिली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली सगळ्यात मोठी प्रौढ बाई लावली आहे. या घरात कार्ड आजींच्या नावावर आहे आणि पळी काकींच्या हातात आहे. धान्य बाईच्या नावाने येतं, बाईच शिजवते, बाईच वाढते, आणि तरी बाईच्या वाट्याला वरचं पाणी. वाढायचा अधिकार हा खाण्याचा अधिकार नसतो, हे मी याच घरात शिकले.

मी काय केलं ते सांगण्याआधी, काय चाललं नाही ते सांगते. मी काकींना समजावलं. काकी दुखावल्या. “मी कधी तिका खाव नको म्हटलंय?” हे अगदी खरं होतं, त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. मी नवऱ्याला सांगितलं की बायकोला मासे खायला घाल. त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या ताटातली तुकडी तिच्या ताटात टाकली, सगळ्यांच्या देखत. ती लाजेने जेवलीच नाही, आणि दोन दिवस घरात कोणी मोकळं बोललं नाही. ही चूक माझी. भेटींमध्ये तीन आठवड्यांचा खंड पडला, तोही त्यामुळेच.

वाट निघाली ती सासऱ्यांशी बोलताना. विषय आहाराचा नव्हताच. मी रापणीबद्दल विचारत होते. रापणीचं जाळं किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी ओढतात, पन्नास-साठ माणसं दोराला लागतात, आणि मासळी वाळूवर आली की वाटे पडतात. जाळ्याचा, होडीचा, माणसांचा. मी विचारलं, भांडणं होत नाहीत का? ते म्हणाले, “वाटे सगळ्यांच्या समोर घालतत. मगे कोणाक बोलूक जागाच रवणा नाय.”

किनाऱ्यावर वाटे मोजून, उघड्यावर, सगळ्यांच्या समोर. तीच मासळी घरात आली की मोजमाप बंद. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही, माझ्यापाशीच ठेवलं. पण त्याच दुपारी दुसरी एक गोष्ट दिसली. चुलीजवळ एक झाकणाचा स्टीलचा डबा पालथा ठेवलेला होता. मी काकींना विचारलं, हा कशाला? त्या म्हणाल्या, तो हंगामात मोठ्या मुलासाठी लागतो. “समुद्रार गेलेल्याचो वाटो पयलो काढूचो. थंयसून उपाशी येतलो तो.” म्हणजे जो माणूस जेवायला हजर नाही, त्याचा वाटा टोपातून सगळ्यात आधी निघतो. पहिल्या पळीने, तळातून. तो रात्री येवो की पहाटे, डब्याला कोणी हात लावत नाही. ही शिस्त या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

मी एवढंच म्हटलं, काकी, सध्या तो घरीच आहे. डबा रिकामाच आहे.

त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या आजी, कोपऱ्यातून. “दोन जिवांची सून आसा, आणि तिचा जेवान उरल्यासुरल्यातला?” आजींना ऐकू कमी येतं असं मी समजून चालले होते.

दुसऱ्या दिवसापासून डबा निघाला. रीत तीच. जेवण पडवीत जाण्याआधी पळी तळाला लावून सुनेचा वाटा काढायचा, झाकण लावायचं. ती जेवायला शेवटी बसली तरी चालेल. मला त्यात भांडायचं नव्हतं. तिला पुरुषांबरोबर बसवा असा आग्रह मी धरला असता तर डबाही गेला असता, असं मला आजही वाटतं. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, क्रम बदलल्याशिवाय काही बदलत नाही. पण मला पाचव्या महिन्यातल्या बाईच्या रक्ताची घाई होती.

पहिल्या आठवड्यात डब्यातली तुकडी मुलीच्या पोटात गेली. आईच ती. उपाय काकींनीच काढला. मुलीला त्यांनी आधी, पुरुषांबरोबर, वेगळं पोटभर वाढलं आणि डबा उघडताना तिला अंगणात पिटाळलं. पावसाळ्यात मासळी कमी होती, तेव्हा डब्यात जवळ्याची किसमूर आणि खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आल्या. तिसऱ्यांत लोह भरपूर असतं आणि त्या विकत घ्याव्या लागत नाहीत, ओहोटीला चिखलात हात घातला की मिळतात. त्या एरवी सूनच काढून आणायची, गरोदर असेपर्यंत दिराला जायला सांगितलं. अंगणवाडीच्या पाकिटाचंही ठरलं की शिरा नाही करायचा, तिच्या पेजेत दोन चमचे पीठ शिजवायचं. मूल मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल, म्हणून शेवटच्या महिन्यांत खाणं आवरायचं, ही समजूतही या घरात होती. त्यावर मी नाही, डॉक्टरांनी बोलावं असं ठरवलं. त्या बोलल्या, आणि त्यांचं ऐकलं गेलं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. त्या दिवशी सून पाटावर सगळ्यांच्या आधी बसली, पानात पाच गोड पदार्थ, ओटी भरलेली. नऊ महिन्यांतला एक दिवस.

ऑगस्टमध्ये हिमोग्लोबिन ९.५ झालं. मग गणपती आले, मुंबईचे चाकरमानी आले, घरात चौदा माणसं झाली आणि डबा मोदकांच्या सारणाला लागला. ते दहा-बारा दिवस सून पहाटे चारला उठून रात्री अकराला जेवत होती. मी तेव्हा गेले नाही, कोणत्या तोंडाने जाणार? गणपती गेल्यावर गेले तर डबा पुन्हा चुलीजवळ होता. ऑक्टोबरमध्ये १०.४. अकराला पोचलं नाही. आणि हे डब्याने झालं की दिवसाला दोन गोळ्या नेमाने घेतल्याने, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. दोन्हींमुळे, असं मी धरते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलगा झाला, दोन किलो सातशे ग्रॅमचा. दूध यावं म्हणून बाळंतिणीसाठी मोरी मासळी आणली. या किनाऱ्यावर खास बाईसाठी म्हणून विकत आणली जाणारी माझ्या माहितीतली ही एकमेव मासळी. त्या दिवशी तिला तीन तुकड्या मिळाल्या. मी मोजल्या.

या सगळ्यात एक माणूस माझ्या नजरेतून सुटलं होतं. ऑक्टोबरच्या तपासणीला काकी सुनेबरोबर आल्या होत्या, तेव्हा सेविकेला सांगून मी त्यांचंही बोट टोचायला लावलं. १०.१. बाजाराच्या दिवशी टोपली डोक्यावर घेऊन चढण चढताना धाप लागते, असं त्या तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. वयामुळे असेल, हेही त्याच म्हणाल्या. रक्तक्षयमुक्तीच्या कार्यक्रमात लहान मुलं आहेत, किशोरवयीन मुलंमुली आहेत, ४९ वर्षांपर्यंतच्या बायका आहेत, गरोदर आणि स्तनदा माता आहेत. ५४ वर्षांची बाई कुठल्याच यादीत नाही. तिच्यासाठी अंगणवाडीचं पाकीटही नाही. ती सगळ्यांना वाढते आणि स्वतः माशाचं डोकं खाते. डबा तिच्या हाताने भरत होता, पण तिचा डबा भरायला कोणी नव्हतं.

डॉक्टरांनी त्यांना गोळ्या लिहून दिल्या आणि एक मोठी तपासणी सांगितली. जानेवारीत मी गेले तेव्हा सून बाळाला पाजत होती, दीर तिसऱ्या धूत होता, ट्रॉलर समुद्रात होता. चुलीजवळ आता दोन डबे होते. एक समुद्रावर गेलेल्याचा. दुसरा कोणाचा, असं मी सुनेला विचारलं. “आयेचो,” ती म्हणाली. झाकण उघडून बघितलं, त्यात भात होता, कढी होती, आणि बांगड्याची शेपटीकडची एक तुकडी. काकी बाजारातून तीनला येतात. त्यांची दुसरी तपासणी अजून व्हायची आहे. सेविका उपकेंद्रावर ज्या दिवशी असते, तोच बाजाराचा दिवस असतो.